पक्कडरावांची पूर्ण खिडकी

पक्कडरावांनी त्या दिवशी नुसतं "बघू" म्हटलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं. "बघू" हा तसा त्यांचा घरचा शब्द. गळका नळ, बघू. जिन्यातला दिवा, बघू. बायकोनं एकदा वैतागून विचारलं, "अहो, तुम्ही आयुष्यभर नुसतं बघतच राहणार का?" त्यावरही ते "बघू" म्हणाले होते. पण त्या दिवशी त्यांना चेव आला. आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला चेव आला, की तो उतरेपर्यंत घरातल्यांनी काचेच्या वस्तू उचलून ठेवाव्यात.

निमित्त ताईचं. ताई म्हणजे पक्कडरावांची थोरली बहीण. बँकेत मॅनेजर होती. निवृत्त झाली ती बँकेतून, मॅनेजरकीतून नाही. बाबांनी जाताना घर दोघांच्या नावावर केलेलं, पण राहतात ते पक्कडराव आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणते. ताई अधूनमधून रविवारी येते, चहा पिते, घराला नावं ठेवते आणि हलकी होऊन जाते.

"दार जरा उचलून ढकला हं, वन्सं!" वहिनी आतूनच ओरडल्या.

"माहितीये गं. माझं माहेर आहे हे."

"आणि चप्पल उजवीकडे काढा. डावीकडची फरशी हलते."

"बरं."

"त्या खुर्चीत टेकून बसू नका."

"मग टेकू कुठं?"

"भिंतीला टेका. ती नको, ती! तिचा रंग साडीला लागेल."

ताईनं चहा उभ्यानं प्यायला. मग पर्समधून गुळगुळीत कागदाचं एक रंगीत पत्रक काढलं आणि पक्कडरावांसमोर धरलं. त्यावर एक उंच इमारत होती, आणि तिच्यासमोर एक कुटुंब कारण नसताना हसत होतं.

"छोट्या, ऐक. बिल्डर बरा माणूस आहे. घर पाडून इमारत बांधेल. एक फ्लॅट तुला, एक मला. तयार. दारं लागतात, खिडक्या लागतात, नळ सोडला की पाणी येतं आणि बंद केला की थांबतं. तुला सवय नाही, पण होईल."

टक्कल पडलेल्या माणसाला छोट्या म्हणण्याचा हक्क जगात एकाच व्यक्तीला असतो, आणि ती व्यक्ती तो वाया घालवत नाही.

"घर विकायचं नाही," पक्कडराव म्हणाले.

"घर? हे घर आहे? हे चालू काम आहे! छोट्या, मला ह्या घरात पूर्ण झालेलं एक काम दाखव. फक्त एक. मी पुन्हा विक्रीचं नाव काढणार नाही."

पक्कडरावांनी रुबाबात मान वळवली. भिंतीकडे पाहिलं. रंग हात पोचेल तिथपर्यंत दिलेला होता, कारण स्टूल त्या वेळी दुसऱ्या कामात होतं. घंटीकडे पाहिलं. बटण दाराबाहेर होतं, घंटी कपाटावर होती, आणि मधली वायर अजून विचारात होती. जिन्याच्या कठड्याला पॉलिश चढता चढता अर्ध्यावर दमलं होतं. त्यांची नजर घरभर फिरून परत आली, तेव्हा ती रिकामी होती.

गल्लीतला दुसरा कोणीही माणूस इथे "बघू" म्हणून सुटला असता. पक्कडराव उसळले.

"पुढच्या रविवारी ये! एक काम पूर्ण करून दाखवतो. अगदी पूर्ण, बोट ठेवायला जागा नाही असं. नाही झालं तर तुझ्या बिल्डरला हवी तिथं सही करतो!"

हे वाक्य त्यांनी इतक्या मोठ्यानं म्हटलं की कंपाऊंडच्या भिंतीपलीकडून शेजारचे सर म्हणाले, "मी ऐकलं बरं का." हे सर शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या भिंतीला टेकूनच असतात. भिंत पडत नाही ती त्यांच्यामुळे, असं त्यांचं मत आहे.

वहिनींनी मात्र ते रंगीत पत्रक उचललं, नीट पाहिलं, आणि घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल हलायचं थांबलं. आता ह्यातून त्यांचं मत काय समजायचं?

*

पक्कडराव हे नाव त्यांना पक्कडीमुळे पडलं. घरी आले की पँटच्या मागच्या खिशात पक्कड जाते. जेवताना, पेपर वाचताना, झोपताना सुद्धा ती तिथेच, म्हणजे कुठलंही काम अंगावर आलं तर माणूस तयार. ह्या माणसाला आळशी म्हणणं अन्याय होईल. आळशी माणूस कामाला हात लावत नाही. पक्कडराव प्रत्येक कामाला हात लावतात. हात काढतात, एवढंच.

नोकरी पाणीपुरवठा खात्यात, तक्रार खिडकीवर. समोरचा माणूस रिकाम्या बादल्यांच्या गोष्टी सांगतो आणि पक्कडराव शांतपणे म्हणतात, "काम प्रगतीपथावर आहे." इतकी वर्षं हे वाक्य म्हणून म्हणून त्याला एक गोडवा आलाय. माणूस पाण्याविना परत जातो, पण भांडत नाही.

आणि घरातली कामं अडून का राहतात, तर त्यालाही पद्धत होती, बाबांपासून चालत आलेली. बाबांचा नियम असा, की घरात असताना बाहेरून कशाला आणायचं? स्वयंपाकघराच्या कपाटाची बिजागरी तुटली, की वरच्या खोलीच्या खिडकीची काढून तिथं लावायची. कपाट रोज लागतं, खिडकी काय, नाडीनं बांधता येते. पक्कडराव सरकारी माणूस, त्यांनी ह्याला नाव दिलं बदली. घरातला जवळजवळ प्रत्येक स्क्रू मूळ जागा सोडून कुठेतरी बदलीवर होता. काही कड्यांकडे तर दोन दोन दारांचा अतिरिक्त कार्यभार होता.

पक्कडरावांनी काम निवडलं ते वरच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी. तिची एक झडप ठीक होती. दुसरीला वरची बिजागरी नव्हती, कडी नव्हती आणि काचेच्या जागी पुठ्ठा होता.

"ह्या तीनच गोष्टी," ते वहिनींना म्हणाले. "एका दिवसाचं काम."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच इतकी वर्षं राहिलंय."

*

पहिली फेरी हार्डवेअरच्या दुकानात. झडप नाडीनं बांधून ठेवून तिची खालची बिजागरी पक्कडरावांनी नमुना म्हणून काढून नेली. दुकानदारानं ती हातात घेऊन अशी फिरवली, जशी एखाद्या दूरच्या नातेवाइकाची जुनी तसबीर.

"काका, असल्या बिजागऱ्या आता येत नाहीत."

"मग काय येतं?"

"आता पूर्ण खिडकीच येते. जुनी काढायची, नवी सरकती बसवायची. विषय संपला."

"मला विषय संपवायचा नाहीये. खिडकी पूर्ण करायचीये."

"तेच म्हणतोय. बदलून टाका."

"बदलली तर ती पूर्ण कशी झाली? ती तर गेली!"

दुकानदारानं मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. गिऱ्हाइकानं डोळ्यांनीच सांगितलं, सोडून द्या. पक्कडरावांना ती नजर झोंबली. अपमान झाला की ते पाठ जास्त ताठ करून चालतात, आणि तसं चालताना मागच्या खिशातली पक्कड टोचते. तरी ते गल्लीपर्यंत ताठच चालत आले.

भिंतीवर सर होतेच.

"काच बसवणार म्हणे?"

"हो."

"काच धरून ठेवणारी लांबी, म्हणजे ती पुट्टी, बाहेरून भरावी लागते. म्हणजे बाहेर शिडी. शिडी म्हणजे फुटपाथ. फुटपाथ म्हणजे वॉर्ड ऑफिसची परवानगी. नाहीतर दंड. मी आपलं सांगितलं."

"मी आपलं सांगितलं" हे सरांचं खास शस्त्र. सल्ला देऊन ते बाजूला होतात आणि आगीत आपण उभे राहतो. आता परवानगी न काढता शिडी लावली आणि कोणी तक्रार केली, तर ती कोण करेल हेही पक्कडरावांना त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पक्कडराव वॉर्ड ऑफिसात. खिडकीत एक कारकून, समोर पंखा, पंख्याचं तोंड त्याच्याकडे. पक्कडरावांनी सहकारी सरकारी माणसाशी बोलावं तशा आपुलकीनं सांगितलं, की घरावर शिडी लावायची आहे, अर्ध्या तासाचं काम, अर्ज लिहून आणलाय.

कारकुनानं अर्ज घेतला. शिक्का मारला. आणि शांतपणे, गोड आवाजात म्हणाला, "ठेवून जा. काम प्रगतीपथावर आहे."

पक्कडरावांना स्वतःचाच सदरा दुसऱ्याच्या अंगात दिसावा तसं झालं.

"अहो, पण मी अर्ज आत्ता दिला! इतक्यात प्रगतीपथावर कसा गेला?"

कारकुनानं मान वर केली. डोळे बारीक केले. "एक मिनिट. तुम्ही पाणीपुरवठ्यात असता ना? तक्रार खिडकी?"

"हो," पक्कडराव ओळख निघाली म्हणून खूश झाले.

"तरीच आवाज ओळखीचा वाटला. आमच्या मजल्यावर पाणी चढत नाही. तुमच्याकडे मी किती वेळा येऊन गेलो!"

"मग? झालं का काम?"

"प्रगतीपथावर आहे ना," कारकून म्हणाला, आणि पंखा आणखी थोडा स्वतःकडे वळवला.

माणसाला आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या खिडकीबाहेर उभं राहावं लागतं. पक्कडरावांना ते फार लागलं. परतताना त्यांनी मनाशी ठरवलं, की ह्या माणसाच्या मजल्यावर पाणी चढवायचं. आणि तोवर त्याची परवानगी घ्यायची नाही. शिडी नाही तर नाही! झडपच काढून आत घेऊ, जमिनीवर ठेवून काच बसवू, आणि पुन्हा लावू. फुटपाथवर पाऊल न ठेवता. बघतो कोण दंड करतो ते.

घरी येताच त्यांनी सरांना भिंतीवरून ऐकवलं, "आतून करणार!"

"आतून?" सर चिंतेनं म्हणाले. "झडप काढताना सुटली, तर सरळ फुटपाथवर. मी आपलं..."

पक्कडराव घरात निघून गेले होते.

*

झडप सुटली नाही. हे आवर्जून सांगायला हवं, कारण ह्या गोष्टीत धड झालेली ती पहिली गोष्ट. काच बसली, लांबी भरली, आणि वरच्या खोलीत जमिनीवर ती झडप ऐटीत वाळत पडली. आता बिजागरी.

"ती बिजागरी कुठंय तुला माहितीये ना?" पक्कडराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले.

वहिनींनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "माझ्या कपाटाला हात लावायचा नाही."

"अगं, ती मूळची खिडकीची. तिची बदली रद्द करायचीये फक्त."

"आणि माझं कपाट?"

"त्याला वरून कडी लावू. दार घट्ट राहील."

"कुठली कडी?"

पक्कडराव छताकडे पाहायला लागले. घरात मजबूत अशी एकच कडी होती.

"न्हाणीघराची?" वहिनींचा आवाज चढला. "अहो, माणसं आत असतात!"

"रविवारपर्यंतच! आत गेलं की गाणं म्हणायचं. म्हणजे बाहेरच्याला कळेल."

"मला गाता येत नाही."

"मग तर कोणी चुकूनही आत येणार नाही."

हे बोलायला नको होतं, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही. बिजागरी मात्र मिळाली. वहिनींनी ती स्वतः काढून, पुसून, त्यांच्या हातावर आपटली. "घ्या. खिडकीला द्या, बिल्डरला द्या, काय करायचं ते करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी भिंतीवरून अदबीनं विचारलं, "वहिनींनी गाण्याचा क्लास लावलाय का हो?"

शनिवारी संध्याकाळी झडप चौकटीत उभी राहिली. आणि लगेच झुकली. चौकटीचं लाकूड जुनं, भोकं मोठी झालेली, साधे स्क्रू त्यात नुसते फिरत होते. जाड आणि लांब स्क्रू हवे होते. पक्कडरावांनी घरभर शोधलं. त्यांना तसे स्क्रू सापडले, अगदी जवळ, त्याच खोलीच्या दाराला. दाराची पितळी मूठ त्या स्क्रूंनीच धरून ठेवली होती.

माणूस दमला की त्याला जवळचं पटतं. पक्कडरावांनी मूठ उतरवली, स्क्रू खिडकीला दिले. झडप उभी राहिली ती खांबासारखी. खिडकीची कडी जिन्याखालच्या अडगळीच्या दारावर बदलीवर होती, तीही परत आली. मूठ त्यांनी खाली नेऊन वहिनींच्या ओट्यावर ठेवली, आणि खोलीचं दार चुकून बंद होऊ नये म्हणून खाली वीट ठेवली. मूठ नसलेलं ते दार एकदा लागलं, की आतून उघडणं अशक्य, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वहिनींनाही बजावून सांगितलं. आणखी कोणाला सांगावं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

*

रविवारी ताई आली ती बिल्डरला घेऊन. बिल्डर तरुण, पांढराशुभ्र शर्ट, बूट इतके चकचकीत की त्यात घराचे पोपडे दिसत होते.

"दार उचलून ढकला, वन्सं!"

"हो गं!"

"साहेबांना सांगा, फरशी!"

तोवर साहेबांनी फरशीवर पाय दिलेला होता. कुठल्यातरी जुन्या पाण्याची एक पिचकारी बुटावर उडाली. बिल्डर हसला. बिल्डर मंडळींना हसायचं शिकवलेलं असतं.

"छान आहे," तो म्हणाला. "जुनी घरं मला फार आवडतात. जागा भरपूर निघते."

सगळे वर गेले, वहिनी सोडून. पक्कडरावांनी धुतलेला सदरा घातला होता. खिडकी उघडी होती, काचेतून उजेड येत होता. पाहुणे खोलीत शिरले आणि पक्कडराव बाजूला झाले, नव्या सुनेचं तोंड दाखवावं तसे.

"घे," ते ताईला म्हणाले. "बोट ठेव."

ताईनं बोट ठेवलं. बिजागरीवर ठेवलं, लांबीवर ठेवलं, काचेच्या कडेनं फिरवलं. बँकेत खोट्या नोटा पकडताना तिचा चेहरा असाच व्हायचा. मग तिनं झडप ओढली. ती आवाज न करता आली, चौकटीत बसली, कडी कोयंड्यात पडली. टक्.

पक्कडरावांचे डोळे भरून आले. त्या घरात इतकी वर्षं कोणतीही गोष्ट टक् करून बंद झालेली नव्हती.

"बंद झाली," ताई हळूच म्हणाली.

"झाली!"

"आता उघड."

पक्कडरावांनी कडी काढली. झडप ढकलली. झडप तिथंच. खांद्यानं ढकलली. तिथंच. ताजी लांबी कडेनं जरा बाहेर आलेली, ती चौकटीत बसताना चपखल चिकटली होती. खिडकी इतकी पूर्ण झाली होती, की तिला आता कोणाची गरजच उरली नव्हती.

"उघडत नाही," ताई म्हणाली. "म्हणजे अपूर्ण."

"अपूर्ण कशी? बंद होत नव्हती ही तक्रार होती! ती दूर केली!"

"खिडकी उघडायला असते, छोट्या!"

"भिंत आहे का ती? बंद व्हायलाही असते!"

"तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर..." बिल्डर मध्ये बोलला, आणि नीट उभं राहायला जागा करावी म्हणून त्यानं पायातली वीट बुटानं बाजूला सारली. "ही काय मध्ये..."

"नको!" पक्कडराव ओरडले.

दार मागे गेलं आणि लागलं. तेही टक् करून. एका दिवसात दोनदा.

पक्कडरावांनी थोडक्यात खुलासा केला. स्क्रू कुठून आले, मूठ कुठं गेली. ताईनं तो ऐकला. बिल्डरनं मोबाईल काढला, पण बोलवणार कोणाला, मूठ तर खाली ओट्यावर होती.

"वहिनी!" ताईनं हाक मारली. "ए वहिनी! मूठ घेऊन वर ये!"

पावलं जिना चढून आली. दाराच्या पलीकडे थांबली.

"आणलीये," वहिनींचा आवाज आला.

"मग लाव की!"

"लावते. आधी आत काय ठरलं ते सांगा."

"ठरलं काय, खिडकी उघडत नाही..."

"म्हणजे सही?"

पक्कडरावांनी घसा साफ केला. "अगं, मी शब्द दिलाय..."

"तुम्ही दिलाय, मी नाही," दारापलीकडून वहिनी म्हणाल्या. "आठवडाभर मी न्हाणीघरात गातेय. मला. गाता. येत. नाही. शेजारी विचारायला लागलेत. कपाट उघडताना दार पायावर पडतं. हे सगळं मी काय फ्लॅटसाठी सोसलं? ह्या घराला मी रोज शिव्या देते, ते माझं आहे म्हणून देते. दुसऱ्यानं येऊन घरात जागा किती निघते ते सांगायचं नाही! सही होणार असेल, तर मूठ मला सापडत नाहीये."

पक्कडराव दाराकडे बघत राहिले. आपली बायको कोणत्या बाजूची आहे, ही शंका त्यांनी लग्नापासून प्रगतीपथावर ठेवली होती. ती आज निकाली निघाली.

बिल्डरला वाटलं, वातावरण हलकं करावं. "मॅडम भावनिक झाल्यात, होतं तसं. आपण काय करू, काम सुरू करताना सुरुवात हळूच करू, इकडच्या बाजूनं," आणि त्यानं खोलीच्या लांब भिंतीवर बोटाची टिचकी मारली. "ही भिंत पहिली घेऊ."

ताईनं भिंतीकडे पाहिलं.

तिथे दोन लोखंडी ब्रॅकेट होते. रंगाचे थर बसून बसून भिंतीसारखेच झालेले. त्यांच्यावर काहीच नव्हतं.

"कुठली भिंत?" ताईनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"हीच. नंतर वरचं..."

"हिला हात लावायचा नाही."

"मॅडम?"

"ही खोली माझी होती," ताई म्हणाली. ती बिल्डरशी बोलत होती, पण बघत होती ब्रॅकेटकडे. "मी शाळेत पहिली आले तेव्हा बाबा म्हणाले, तुझ्या पुस्तकांना फळी करतो. हे दोन ब्रॅकेट ठोकले. म्हणाले, फळी उद्या. माझी पुस्तकं जमिनीवर. कॉलेज झालं, पुस्तकं जमिनीवर. लग्न होऊन गेले, तेव्हा पिशवीत भरून नेली." तिनं नाक ओढलं. "मी त्या घरी गेले ना, तिथं फळ्या होत्या. भिंतभर. एकही माझ्यासाठी ठोकलेली नव्हती."

"ताई, तू कधी बोलली नाहीस," पक्कडराव म्हणाले.

"बोलायचं काय? दर वेळी येते, जिना चढून बघून जाते. झाली का म्हणून. तू नळ काढतोस, रंग काढतोस, खिडकी काढतोस! हे दोन ब्रॅकेट तुला कधी दिसले नाहीत?"

पक्कडरावांना खरोखर कधी दिसले नव्हते. ते त्यांना भिंतीचाच भाग वाटत आले होते.

"तरी पण मॅडम," बिल्डर म्हणाला, "नव्या फ्लॅटमध्ये आम्ही हवं तेवढं फर्निचर..."

"तुमचं फर्निचर ठेवा तुमच्याकडे!" ताई कडाडली. बँकेचा अख्खा हॉल गप्प बसायचा तो हा आवाज. "माझं काम बाकी आहे ह्या घरात. माझं काम झाल्याशिवाय घर पाडायचं नाही, विकायचं नाही, आणि ह्या भिंतीवर टिचकी तर अजिबात मारायची नाही! कळलं?"

"शाब्बास वन्सं!" दाराबाहेरून आवाज आला.

"आणि तू," ताई पक्कडरावांकडे वळली. "बघू म्हणालास तर बघ. फळी आहे का घरात?"

"आहे तर!" पक्कडराव छाती पुढे काढून म्हणाले. "अस्सल सागवानी. बाबांनीच आणलेली. तुझ्याच फळीसाठी, आता आठवतंय मला."

"मग कुठंय ती?"

पक्कडराव घुटमळले. "म्हणजे... त्याच सुमारास पलंगाचा पाय मोडला. तेव्हा ती तिथं बदलीवर गेली. पलंगाची एक बाजू तिच्यावरच उभी आहे. काढली तर पलंग खाली बसतो."

"कोणाची बाजू?"

"माझी," दारापलीकडून वहिनी म्हणाल्या. "काढा."

"अगं, पण तू झोपणार..."

"जमिनीवर गादी टाकीन! वन्संची पुस्तकं इतकी वर्षं जमिनीवर होती, आता मी झोपते. पण आजच काढायची. उद्या म्हणालात, तर मूठ विहिरीत टाकीन."

"आपल्याकडे विहीर नाहीये."

"खणेन!"

भोकात पितळ खडखडलं, मूठ फिरली, दार उघडलं. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात मूठ, केसांवर पीठ. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, वहिनींनी ताईकडे पाहिलं, आणि दोघी जिना उतरायला लागल्या. पक्कडराव पक्कड काढून मागोमाग धावले.

बिल्डर बिचारा खोलीच्या दारात घोटाळला. निघावं की थांबावं, त्याला कळेना.

"साहेब!" खालून ताईचा हुकूम आला. "उभे काय राहिलात? पलंग जड आहे. या, पायाकडून धरा."